ओतायची वेळ

उद्यमबागेत कामाला लागलो तेव्हा
माझ्या तोंडात शिव्या होत्या, पण चिल्लर.
खिशात वाजत राहावी तशा.
चहाला एक, बसला एक,
डब्यातल्या पावट्याच्या आमटीला सुद्धा एक.
भरमाण्णा हलगेकर, मोल्डर, वय छप्पन्न,
वाळू चाळता चाळता म्हणाला,
"काय गा, सकाळपासनं कुणाला बोलालास?
मला तर काय लागंना."

मग त्यानं शिकवलं.
शिकवलं म्हणजे, मी बघत राहिलो.

भट्टीतून रस निघाला की तोंड बंद.
लॅडल दोघांच्या हातात, तेराशे अंश,
तिथं शिवी नाही, देवाचं नाव पण नाही,
फक्त "हां", "थोडं", "बास".
शिवी नंतर. पेटी फोडल्यावर
कास्टिंगच्या पोटात भोक निघालं तर.
आणि तीही माणसाला नाही.
"वाळू ओली हुती रांडेची," एवढंच म्हणायचा,
आणि ज्या पोरानं वाळू ओली ठेवलेली
तो उभ्या जागी कोरडा पडायचा.

आईवरून द्यायची नाही.
"ती बिचारी घरात शेंगा निवडालीया,
तिला कशाला बोलवालास एवढ्या धगीत?"
बिहारकडची नवी पोरं आली,
त्यांना तर अजिबात नाही.
"कळत न्हाई त्याला दिली तर ती भिंतीवर थुंकी.
आधी त्याला जेवाय बोलव. भाषा येऊ दे.
मग बघू."

मालकाला तो "साहेब" म्हणायचा.
पण असं म्हणायचा
की मालक पुढचे दोन दिवस
आमच्या शेडकडे फिरकत नसे.

उताऱ्यासाठी त्याच्याबरोबर कचेरीत गेलो, तीनदा.
अर्ज कन्नडमध्ये. हा मराठीत बोलायचा,
कारकून कन्नडमध्ये,
दोघंही बघायचे भिंतीवरच्या पाटीकडे,
जसा काही निकाल तीच देणार होती.
"नाळे बर्री." उद्या या.
असे तीन उद्या झाले.
चौथ्या खेपेला पेन चालेना.
भरमाण्णानं ते झटकलं, जिभेला लावलं,
परत झटकलं, डोळ्यांसमोर धरलं,
आणि सावकाश, शेजाऱ्याला उठवायचं नसावं
अशा आवाजात
पेनाला म्हणाला,
"बोळी मगने."

कारकुनानं मान वर केली.
इतकं स्वच्छ कन्नड त्या खोलीत
सकाळपासून कुणी बोललं नव्हतं.
"याव ऊर री निम्दु?"
"हलगा."
कारकुनाची बायको बस्तवाडची निघाली.
त्यानं खिशातलं स्वतःचं पेन काढून दिलं,
टोपण तेवढं आपल्याकडे ठेवून.

बाहेर आल्यावर मी हसत होतो.
तो हसला नाही. म्हणाला,
"ती एकच हुती माझ्याजवळ. चार खेपा जपून ठिवलेली."

दोन वर्षांनी मला एकट्याला पेटी दिली,
पंपाची बॉडी, नाजूक काम.
मी वाळू दाबली, कोअर बसवला, ओतलं.
रात्री झोप नाही.
सकाळी त्यानंच फोडली.
हातोडीनं एकदा वाजवली, कान लावून ऐकली,
पुन्हा वाजवली.
अख्खी शेड थांबलेली.
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
"नन्न मगने."

आमच्या भागात ही शिवी आहे.
स्टँडवर हिच्यापायी डोकी फुटलेली बघितलीत मी.
शब्द उघडून बघितले तर आत एवढंच निघतं,
माझ्या लेका.
माझा बाप मी सहावीत असताना
वास्कोला गेला तो गेलाच.

भरमाण्णा हात धुवायला नळावर गेला.
मला उलट काहीतरी द्यायचं होतं, त्याच तोलाचं.
खिसे चाचपावेत तसं तोंड चाचपलं.
एक नाणं निघेना.
चाळण घेतली
आणि वाळूकडे बसलो.