तीन कोरी मिनिटं

भिशी लागली तेव्हा मी ही पट्टी घेतली.
कपाळाला बांधायची, डोळे मिटायचे,
मन किती निवलं ते फोन सांगणार
निळ्या रेघेत, टक्क्यांसकट.
भास्कर म्हणाला, एवढ्यात गिझर आला असता.

पहिले चार दिवस दुपारी बसले. ठीक.
मग सकाळी बसायला लागले
आणि रेघ मध्येच तुटली,
सहा बावन्न ते सहा पंचावन्न.
खाली बारीक अक्षरांत: नोंद उपलब्ध नाही.
दुसऱ्या दिवशी तिथेच. तिसऱ्या दिवशी तिथेच.

एकोणीस वर्षं अंबडला रिले तपासलेत मी.
दोष लपतो, पळून जात नाही.
एका वेळी एकच गोष्ट बदलायची
आणि वहीत लिहायची.

टिकली काढली. डिंकाचा गोल मागे राहतो,
तो खोबरेलाने काढला, खोबरेल साबणाने.
खाली टिकलीची जागा, भोवतालपेक्षा फिकट,
नेमका तिथेच टेकतो मधला सेन्सर.
रेघ तुटली.

डिसेंबरातलं नाशिक, कातडीचा पापड होतो.
बोट ओलं करून सेन्सर पुसले.
रेघ तुटली.

साडेसहाला नळाला पाणी येतं,
वरच्या पिंगळ्यांची मोटर घरघरायला लागते,
म्हटलं ब्लूटूथला तिचाच त्रास.
उद्या जरा उशिरा लावाल का, विचारून आले.
पिंगळेबाई म्हणाल्या, पूजा आहे का?
मी हो म्हटलं.
रेघ तुटली, वर खोटं बोलल्याचं पाप.

फोनची बॅटरी वाचवायची सोय बंद केली.
ॲप काढलं, परत घातलं.
फोनला म्हटलं पट्टीला विसर,
मग दोघांची नव्याने ओळख करून दिली.
मदतकेंद्रातला मुलगा, आवाजावरून बाविशीचा,
म्हणाला, मॅडम, तुम्ही शांत बसता ना?
बाळा, तेच तर मोजायचंय.

शेवटी बोट ठेवून बसले.
खरंच ठेवून: एक पट्टीच्या कडेवर, एक भुवईवर.
डोळे मिटलेले, श्वास मोजत,
सत्तावीस, अठ्ठावीस,
फाटकाची कडी वाजली
आणि बोटाखाली भुवई उठली.
मी उचलली नव्हती.
कपाळाला आठ्या, पट्टी केसभर वर,
सेन्सर हवेत.

पेपरवाला होता. अंक पायरीवर टाकून गेला.

सातपूरला फोर्जिंगमध्ये भास्करची तिसरी पाळी,
बावीस वर्षं.
आधी सायकल, मग लूना, मग ती काळी मोटरसायकल,
वाहन बदललं, कडी तीच.
कडी वाजली की आधी त्याच्या हातांकडे बघायचं,
मग चहा टाकायचा.
हॅमरखाली बोटं गेलेली चार माणसं
आमच्याच गल्लीत आहेत.

मार्चात तो निवृत्त झाला.
आता आत घोरतोय, पालथा,
दहाच्या दहा बोटांसकट.
भुवयांना कुणी कळवलंच नाही.

त्याला सांगितलं. हसेल वाटलं होतं, हसला नाही.
रविवारी मशीनचं तेल घेऊन फाटकाशी गेला,
कडी उघडली, लावली, उघडली, लावली,
दहा-बारा वेळा, कान देऊन,
पूर्वी जॉब तपासायचा तसा.
मुकी झाली कडी.

सोमवारी पेपर कधी पडला ते कळलंही नाही.
सहा बावन्नला रेघ तुटली.

मदतकेंद्रातला मुलगा विचारतो, नवी पट्टी पाठवू का?
मी म्हटलं, थांब जरा, अजून तपासतेय.

मंगळवारी परत बसले.
पंचवीस, सव्वीस, सत्तावीस.
आतून, गोधडीतूनच, भास्कर ओरडला,
आलो गं!

त्या दिवशी रेघ
चांगली अकरा मिनिटं तुटलेली आहे.