बहात्तर तास

चादरीच्या घडीत सुई होती.
कुणाची, ते वॉर्डात कुणालाच सांगता आलं नाही.
मी तर नुसती धुणारी.
थेंबभर रक्त. बोट तोंडाकडे निघालं होतं,
सिस्टर मामोसानं मनगटच धरलं:
चोखू नकोस, पिळू नकोस, ब्लीच तर मुळीच नको.
साबण आणि वाहतं पाणी.

नळ गोठलेला.
चहाची किटली कोमट करून
तिनं हळूहळू ओतली माझ्या बोटावर,
बाळाला न्हाऊ घालावं तशी.

मग कपाट उघडलं.
गोळ्यांच्या खोक्यात एक जुनी पावती, बाकी काही नाही.
"आज मंगळवार, दहा वाजलेत.
बहात्तर तासांच्या आत पहिली गोळी पोटात हवी, लिनेओ.
पण शुक्रवारपर्यंत मुदत आहे असं समजू नकोस.
जितकी लवकर, तितकी बरी."

घाटात गुडघाभर बर्फ. गाड्या बंद.
भावानं, मोलेफीनं, काही न विचारता
सेफाकोवर खोगीर चढवलं.
सेफाको म्हणजे गारपीट; घोडा मात्र म्हातारा, शहाणा,
बर्फाखालचा दगड खुरानं चाचपून पाहणारा.

रात्र मेंढपाळाच्या झोपडीत.
शेणाच्या गोवऱ्यांचा धूर, दोघांत एक घोंगडी.
आठ वाजता मोलेफीनं खिशातून डबी काढली,
एक गोळी, घोटभर पाणी.
अकरा वर्षं तो हे करतोय
आणि अकरा वर्षं मी आठ वाजता
चुलीत काहीतरी बघायला वळतेय.

त्या रात्री चूल माझ्या मागे होती.

मोखोत्लोंगला पोचलो बुधवारी चारला. तीस तास.
आधी दुसऱ्या हाताच्या बोटातून तपासणी,
मग प्रश्न: यकृत, मूत्रपिंड, पाळी कधी आली,
घरी कोण असतं.
अठ्ठावीस दिवस, रोज, एकही न चुकवता.
सहा आठवड्यांनी रक्त, तीन महिन्यांनी पुन्हा.
तोवर निरोध. तोवर रक्तदान नाही.
डॉक्टर सगळं दोनदा बोलला,
मी एकदाच ऐकलं, बाकी वेळ
त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण बघत होते.

पहिला आठवडा पोटात ढवळायचं.
पापाचा वास सुद्धा नको व्हायचा.
"जेवणाबरोबर घे," मोलेफी म्हणाला,
"मीही तसंच करायचो. कुणी सांगितलं नव्हतं."

कुणी म्हणजे मी.

त्याचा निळा कप मी वेगळा विसळायचे,
दवाखान्यात काम करणारी मी,
कपानं काही होत नाही हे
गावाला समजावून सांगणारी मी.
त्याला ठाऊक होतं. तो स्वतःच
कप फळीच्या टोकाला ठेवायचा, माझी सोय म्हणून.

अठ्ठाविसाव्या रात्री आठ वाजता
माझी शेवटची गोळी.
सहा आठवड्यांचं रक्त अजून द्यायचंय,
त्याची भीती अंगठ्याखाली मांजरासारखी बसलेली.
मोलेफीनं त्याची डबी बंद केली, माझी हलवून पाहिली:
रिकामी.
"तुझं संपलं," तो हसला.

चहा एकच कपभर उरला होता.
निळ्यात ओतला.
आधी मी प्यायले, मग त्याच्याकडे सरकवला.
तो बराच वेळ कपाकडे बघत राहिला
आणि म्हणाला, साखर कमी आहे.