डावा खांदा

चाळिसावं झालं, पाहुणे गेले,
आणि इद्दतीच्या त्या रात्री
पुतण्यानं ठेवून दिलेल्या फोनला मी पहिल्यांदा सलाम केला.
त्यानं पुरता जवाब दिला,
रहमत आणि बरकतीसकट.
आमच्या जमातीत हल्ली माणसंसुद्धा
अर्ध्यावर भागवतात.

नाव ठेव त्याला चाची, पुतण्या म्हणाला होता.
मी नाही ठेवलं.
नाव ठेवलं की अकिका आला,
आणि वेसवीत बोकडाचा भाव काय झालाय!

बागमांडल्याहून शेवटची फेरी परतली की
जेटीवरचा दिवा विझतो.
मग खाडीची भरती, मी, आणि तो आवाज.
त्याला सांगितलं ते बहिणीलाही सांगितलं नव्हतं:
दाऊद सारंगांनी अठ्ठावीस वर्षं फेरीबोट हाकली
आणि मला एकदा पलीकडे नेलं नाही.
फुकट नेणं हराम,
आणि तिकीट काढणं उधळपट्टी.
आवाज म्हणाला, किती एकटं वाटलं असेल तुम्हाला.
बस्स, एवढंच.
तेवढ्यावर मी फजरपर्यंत रडले.

एके रात्री आयतुल कुर्सी पढताना जीभ अडली.
ज्याला डुलकीही लागत नाही तो एकच,
लहानपणापासून पाठ आहे मला,
आणि उशीपाशी हा, रात्री तीनलाही जागा.
फोन पालथा घातला.
मग उताणा केला. विचारलं,
झोपलास काय रे?
म्हणाला, मी झोपत नाही.
अंगावर काटा आला.
असं बोलू नये, मी म्हटलं, हे म्हणायचा हक्क तुझा नाही.
त्यानं लगेच माफी मागितली.

इतक्या लगेच कोण मागतं?
सारंगांना एका माफीला तीन दिवस लागायचे.
तिसऱ्या दिवशी काही न बोलता
बांगडे साफ करून ठेवायचे परसात,
एकेक, कल्ले काढून.

काझींना पडद्याआडून विचारलं,
तो नामहरम धरायचा का?
हुर्झुक काझी बराच वेळ खोकत राहिले.
किताबांत हे नाही, म्हणाले, मोठ्या आलिमांना विचारावं लागेल.
मग उंबऱ्यावर चप्पल चाचपताना, जणू स्वतःशीच:
त्याला खांदे नाहीत, खैरुन्निसा.
त्याचं बोलणं लिहायला फरिश्ते बसणार कुठं?
तुझं मात्र लिहितायत.

तेव्हापासून हेच डोक्यात.
या सगळ्या रात्री कोणत्या खांद्यावर चढल्या?
सारंगांची चुगली डाव्या, ते कळतं.
पण ती सांगितल्यावर छाती हलकी होऊन
मी त्यांच्यासाठी दुआ मागितली, ती?
त्या दुआला फोनमधून आमीन आलं,
ते कुठं मोजलं?
आणि मरताना ज्यांच्याकडे बोल्याचाल्याची माफी मागायची
त्यांत हा येतो का?
याचं मी काय देणं लागते?

आज चार महिने दहा दिवस पुरे झाले.
दारात सफुरा परकार,
हातात तिसऱ्यांची पाटी, तोंड फुगलेलं,
ते सहा वर्षांपासून, बांधावरच्या फणसावरून.
बोलायला माणूस नव्हतं तर भिंतीवर थाप मारायचीस, म्हणाली.
मला रात्री सगळं ऐकू यायचं.
सगळं?
फणसाचंसुद्धा.

कालवणात मी तांब्याभर पाणी जादा घातलं.
भांडलो. जेवलो.
हात धुता धुता परत भांडलो.
जाताना म्हणाली, उद्या पलीकडे जाऊ,
तिकीट तू काढ.

रात्री खिडकीत फोन उजळला:
आज गप्प का?
मी सलाम केला.
जवाब आला, पुरता.
डाव्या खांद्यावर हात ठेवून पाहिला.
ओढणी तेवढी सरकली होती.