सातवा रकाना

केसपेपरवर एकूण बावीस रकाने.
बांबोळी, मेडिसिन वॉर्ड, खाट अकरा.
फोंडू चोडणकर, वय एकाहत्तर.
धंदा: मी ‘शेती’ लिहिलं,
त्यांनी बोटानं खोडायला लावलं.
लिही, मानशेकार.
खाजणाच्या बांधात लाकडी दारं असतात,
नदीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून.
त्यांची राखण करणारा.

एर्मेलिंडा सिस्टर सांगायची,
‘का’ विचारू नकोस.
‘का’ म्हटलं की माणूस सफाई देतो,
दुखणं तिथंच राहतं.
आणि उभ्यानं बोलू नकोस. स्टूल घे,
पण त्याचा आवाज करू नकोस.

मी स्टूल ओढलं. आवाज झालाच.

झोप? भरती-ओहोटी बघून.
व्यसन? विडी. आणि, जरा हसून, सुंगटां.
भूक?
ते खिडकीकडे बघत राहिले.
चार दिवस ताट तसंच परत जातंय,
सून म्हणाली होती.
“सगळं खारट लागतं.”

घाबरू नका, डॉक्टर बघतील, हे ओठांवर आलेलं
मी गिळलं.
“खारट,” एवढंच म्हणाले
आणि पेनाला टोपण लावलं.

पंखा फिरत होता. खाट बारावरच्या मुलाच्या
मोबाईलवर गोल झाला, तो ओरडला.
आम्ही दोघं गप्प.
गप्प बसायला इतका दम लागतो
हे परीक्षेत कुणी विचारलं नव्हतं.

मग ते बोलले, माझ्याशी नव्हे, स्वतःच्या तळव्याशी:
त्या रात्री डोळा लागला.
दारात ओंडका अडकलेला.
पहाटे चाळीस जणांच्या शेतांत नदी.
तीन वर्षं झाली, कोरगुटसुद्धा उगवलं नाही,
आणि ते भात खाऱ्यातच वाढतं.
“कोणी काही बोललं नाही गो.”
“कोणीच नाही?”
“शिव्या तरी द्यायच्या.”

तुमची चूक नव्हती, हे वाक्य
माझ्या दातांमागे येऊन धडकलं. राहू दिलं.
मानशीचं दार, त्यांनीच मग समजावलं,
कोणी लोटायचं नसतं.
बाहेरचं पाणी उतरलं की
आतलंच त्याला उघडतं.

पंधरा रकाने कोरे राहिले.
सातव्यात त्यांचेच शब्द, अवतरणात.
सिस्टरनं वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
कोऱ्या रकान्यांविषयी बोलली नाही.

रात्री पेज आली.
दोन चमचे गेली.
तिसऱ्याला म्हणाले, मीठ उणं पडलंय.