बासष्ट गोण्या

दिवाळीनंतर रंगकाम थंडावलं
आणि डिसेंबरअखेर टार्गेटला बासष्ट गोण्या कमी पडल्या,
तेव्हा ह्यांनी त्या स्वतःच विकत घेतल्या.
कोलशेत रोडचं गोडाऊन गच्च होतं,
म्हणून आमच्या मागच्या खोलीत रचल्या,
मुलीच्या टेबलापासून खिडकीच्या गजापर्यंत.
वॉल पुट्टी. चाळीस किलोची एक.
मोतीरामने तीन मजले पाठीवर चढवल्या,
वॉचमनने लिफ्टला हात लावू दिला नाही.

मग आम्ही आल्प्सला गेलो.

ठाणे-रायगडचे अकरा डीलर, सपत्नीक,
छातीवर कंपनीचा बिल्ला.
हॉटेल सगळं लाकडाचं, छपरावर पुरुषभर बर्फ,
आणि उशांचं चक्क मेनूकार्ड:
बदकाच्या पिसांची, लोकरीची, कसल्याशा सुगंधी गवताची.
सावरीच्या कापसाची नव्हती.
मी आपली शाल गुंडाळून डोक्याखाली घेतली.

बाहेर उघड्यावर गरम पाण्याचा हौद,
त्यात खोपोलीच्या तांडेलबाई पंजाबी ड्रेससकट उतरल्या
आणि दोन तास वर आल्या नाहीत.
ह्यांना स्की शिकवायला एक कोवळा पोरगा आला.
गुडघे वाकवा, म्हणे.
हे मला हळूच म्हणाले,
बावीस वर्षं दुकानात दुसरं काय केलं?
आणि तिथेच बसकण मारली.

खोली आवरायला एक बाई यायची.
मी रोज सकाळी पलंग नीट करून ठेवायचे,
ती रोज तो मोडून पुन्हा करायची.
तिसऱ्या दिवशी मी विचारलं, किती खोल्या?
खुणेनेच. तिने दोनदा आठ बोटं दाखवली.
बोटांच्या पेरांवर भेगा, साबणाने पडतात तशा.
माझ्या बॅगेत भिरंडेलाचा गोळा होता,
आईने सावंतवाडीहून पाठवलेला, टाचांसाठी.
तो अर्धा फोडून दिला.
तिने आधी वास घेतला, मग जीभ लावणार
तोवर मी ओरडलेच.

शेवटच्या संध्याकाळी बर्फ पडला.
हे फिरून आले ते खांदे, टोपी, भुवया पांढऱ्या करून,
अगदी रोज रात्री दुकान बंद करून येतात तसे,
आणि मी काचेच्या त्या मोठ्या दारात, सगळ्यांदेखत,
रोजच्याच आवाजात म्हटलं,
"आधी झटका, मग आत या."
दारावरचा उंच माणूस काय समजला कोण जाणे,
ब्रश घेऊन धावला आणि ह्यांचे खांदे झटकू लागला.
हे आकसून उभे राहिले,
न्हाव्याकडे पहिल्यांदा नेलेल्या पोरासारखे.
असं ह्यांना कधी कुणी झटकलेलं नाही.
मीसुद्धा नाही.
मी नुसती दारातून सांगते.

परत आलो तर मागच्या खोलीत कोंदट वास.
बाथरूमच्या भिंतीला ओल आली होती,
तळच्या सात गोण्या दगड झाल्या होत्या.
मुलगी म्हणाली, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.
हे बराच वेळ गोणीवर बोटाने टकटक करत राहिले,
आत कुणी आहे का बघावं तसं.

मोतीराम त्या खाली न्यायला आला.
त्याला चॉकलेट दिलं, त्याने ते खिशात ठेवलं.
पहिली गोणी पाठीवर घेता घेता विचारलं,
"वैनी, बर्फ वजनाला कसा असतो?"

मी म्हटलं, हलका असेल.
मग म्हटलं, नाही, छपरावर जाड थर होता,
रात्री कधी कधी लाकूड करकरायचं.
मग खरं सांगितलं:
माहीत नाही रे. हातमोजे होते.
मी उचललाच नाही.

"असं," तो म्हणाला, आणि जिना उतरू लागला.

त्या सात गोण्या अजून गेटपाशी आहेत.
वर फाटलेलं कागदी वेष्टन, खाली गोणीच्याच आकाराचा पांढरा दगड.
एकीवर वॉचमन बसतो,
दुसरीवर डबा ठेवतो.