आवाजाचं बटण

सातची मिस्सा मराठी, साडेआठची कोकणी,
संध्याकाळची कानडी.
तिन्हींचा ॲम्प्लिफायर माझ्याकडं.
एरवी खानापुरात कौलांच्या भट्टीवर असतो मी,
रविवारी तेवढ्या वायरी सांभाळतो.

फादर बोनिफास होते तेव्हा बटण तीनवर.
तरी आवाज दाराबाहेर, फणसाखाली
उभारलेल्या गड्यांपर्यंत जायचा:
"आत या की रे! देव काय टोलनाका आहे,
बाहेरनं वळसा घालायला?"
कैतानची बाटली, पावलूचा बांध,
कुणी पोरीची शाळा सोडवली,
सगळं नाव घेऊन.
मी हळूच दोनवर आणायचो.
ते माझ्याकडं बघायचे.
मी परत तीनवर.

नवे फादर हळू बोलतात.
सहावर ठेवलं तर यंत्र शिट्टी मारतं,
पाचवर मागच्या दोन बाकांना ऐकू जात नाही.
"तुम्ही सगळे देवाचे लाडके," म्हणतात.
बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?
कैतान आता आत बसतो, खांबाला टेकून,
परवा तर रडला.
रोझिनमावशी मात्र चपला शोधता शोधता म्हणाली,
"सगळे म्हणजे कोण कोण रे?
ते निदान नाव तरी घ्यायचे."

बोनिफास मंगळूरकडचे.
आले तेव्हा मराठीत 'पाणी' तेवढं यायचं.
बाकीची मराठी आमच्या अंगणांतनं उचलली,
तिन्हीसांजेला, गडग्यापलीकडनं:
आम्ही पोरांवर ओरडताना, बैल हाकताना,
पिऊन आलेल्याला दार उघडताना.
मायेचं आम्ही मोठ्यानं बोलत नाही.
ते त्यांच्या कानावर पडलंच नसणार.
हे मला कळलं त्यांची बदली झाल्यावर,
भट्टीवर एका शिकाऊ पोराला झापत होतो
आणि माझ्या गळ्यातनं फादर बोलले.

माझ्या इस्तेवला पुरलं त्या दिवशी
बटण मी शून्यावर आणून ठेवलं होतं.
पोरानं स्वतःच संपवलेलं. गावाला ठाऊक.
म्हटलं, आज रागावले तर निदान
फणसापर्यंत जायला नको.
ते वेदीवरनं खाली आले.
माइक तिथंच राहिला.
पेटीवर वाकून कितीतरी वेळ बोलले,
मराठी नव्हती ती,
इकडची कोकणीही नव्हती.
मी दोन हातांवर उभा,
वायरीचं वेटोळं मुठीत धरून.
त्यातला एकच शब्द मला कळला.
इस्तेव.