ढुंगण पहा

गांजणे संपलं की आमच्या कोशात
दोन बोटं कोरी जागा आहे,
मग एकदम अर्जुनाचं गांडीव.
त्याखाली गांडूळ, शेतकऱ्याचा मित्र.
"मधलं कुठे गेलं, सर?"
भडकमकर सरांनी चष्मा पुसला. म्हणाले,
"ते सगळ्यांना माहीत असतं. कोशात कशाला?"

मागच्या आवृत्तीत होतं. पण कसं, तर : ढुंगण पहा.
ढुंगणाकडे गेलं, तर : कुल्ला पहा.
कुल्ल्यापाशी : नितंब पहा.
नितंबाशी : पार्श्वभाग,
आणि पार्श्वभागाशी, हात झटकून : मागील बाजू.
एवढं चालून माणसानं बसायचं कुठे?

माझी स्कूटी नाना पेठेत, हनीफ मिस्त्रीकडे.
त्याच्या भिंतीवर ऑइलपेंटात पाटी :
'दुसऱ्याच्या गाडीवर बसू नये. स्वतःची असल्यास चालू करून दाखवावी.'
तिथे स्टुलावर, तोंडावरचा स्कार्फ न सोडता,
मी चिठ्ठ्या लिहायला लागले.

धनाजी पाना न आणताच परत आला, कुत्रं होतं म्हणाला.
"कुत्रं नव्हतं, याची गांड फाटली."
चिठ्ठी : फाटणे. भीती. (शिवून मिळत नाही.)
समोरच्यानं काचेचं दुकान केलं.
चिठ्ठी : जळणे. धूर दिसत नाही,
वास पार रास्ता पेठेपर्यंत.
एक गिऱ्हाईक आंबेगावला फ्लॅट बघून आलं होतं,
"सत्तर लाखांत गांड टेकायला जागा नाही, मिस्त्री."
चिठ्ठी : टेकणे. घर.
तिला पाय लावून पळणे
शरीरशास्त्राला मान्य नाही,
पण वसुलीवाला कोपऱ्यावर दिसला
की धनाजी करून दाखवतो.

"नुसती शिवी नका लिहू, ताई," हनीफ म्हणाला,
"मतलब पण लिवा. नाहीतर लोकांना वाटेल
आम्हाला बोलता येत नाही."

महिनाभरात एकसष्ट.
"एका शब्दाच्या?" सरांना ठसका लागला.
हो सर. डोळ्याच्या त्रेपन्न निघाल्या होत्या.
हृदयाच्या अकरा.

आता अप्पांचं सांगते.
भूगोलाचे मास्तर, चौतीस वर्षं.
वर्गात पोरगं बाकावरून पडलं तरी विचारायचे,
"बैठकीच्या जागी लागलं का रे?"
मूळव्याधीचं ऑपरेशन नव्या पेठेत झालं,
घरी आले ते उभे राहिले.
पेपर उभ्याने, आमटीभात उभ्याने,
बातम्या उभ्याने, राष्ट्रगीत लागल्यासारखे.

मी हनीफला सांगितलं : वडिलांना बसता येत नाही.
सगळ्यावर हसणारा माणूस यावर हसला नाही.
खुंटीवरची जुन्या स्कूटरची ट्यूब काढली,
साबणाने धुतली, पावडर लावली,
अर्धी हवा भरून अंगठ्याने दाबली, पुन्हा दाबली.
"जास्त फुगवू नका. आमच्या अब्बांना पण होतं."
पैसे घेतले नाहीत.

अप्पांनी ती ट्यूब
अनोळखी बेट बघावं तशी बघितली.
मग पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवायचे
तितक्या हळू
स्वतःला ठेवलं.
डोळे मिटले. पंखा फिरत होता.
बऱ्याच वेळाने, कुणाला उद्देशून नाही,
"आई गं… गांडीला बरं वाटलं."

डोळे उघडले तेव्हा कान लाल.
"काय म्हणालात, अप्पा?"
"काही नाही. पेपर दे."

मी आत जाऊन चिठ्ठी काढली. बासष्टावी.
बोलणारा : पुरुष, वय ७८, निवृत्त शिक्षक, सहकारनगर.
अर्थाच्या रकान्यात पेन टेकवलं
आणि उचललं.
बाहेर पेपरचं पान उलटल्याचा आवाज,
त्यामागे बारीक, न थांबणारं फुस्स.
व्हॉल्व्ह गळतोय.
उद्या ऑफिसआधी नाना पेठ.